व्हेन आकृती व संभाव्यता

संचांचे परस्परसंबंध बंदिस्त वक्रांनी दर्शविणाऱ्या आकृत्या ब्रिटिश तर्कशास्त्रज्ञ जॉन व्हेन (१८३४–१९२३) यांच्या नावाने ओळखल्या जातात. संभाव्यता काढण्यासाठी त्या शालेय पातळीपासून वापरल्या जात असल्या, तरी व्हेन यांनी त्या या कामासाठी योजल्या नव्हत्या. लॉजिक ऑफ चान्स (१८६६) या ग्रंथात त्यांनी दीर्घ काळातील वारंवारतेवरून संभाव्यतेचा अर्थ लावला; आकृत्यांविषयीचा १८८० सालचा निबंध मात्र तार्किक विधानांच्या चित्रणासंबंधी होता.

वर्तुळे वापरण्याची रीत त्यापूर्वीची असून ऑयलर यांच्या १७६८–७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रांत ती आढळते. त्या रीतीत संचांमधील जो संबंध ज्ञात असेल, तोच आखावा लागे. व्हेन यांनी प्रथम सर्व शक्य विभाग आखले आणि रिक्त ठरणारे विभाग छायांकित केले. तीन संचांचे, बाहेरचा धरून, आठ विभाग होतात. (चार संचांसाठी वर्तुळे अपुरी पडतात, तेथे व्हेन यांनी विवृत्ते घेतली.) कोणतीही शक्यता सुटत नाही व दोनदा मोजली जात नाही, हा गुण संभाव्यतेस नेमका उपयोगी पडला. मात्र तो संबंध पक्का होण्यास कॉल्मॉगॉरॉव्ह यांच्या १९३३ मधील मांडणीची वाट पाहावी लागली. तीत घटना म्हणजे संच व संभाव्यता म्हणजे संचाचे एक माप, असे मानले गेले.

उदा., १ ते १०० पैकी यदृच्छया निवडलेली संख्या २, ३ किंवा ५ ने विभाज्य असण्याची संभाव्यता काढावयाची आहे. तीन वर्तुळांत अनुक्रमे ५०, ३३ व २० संख्या येतात. त्यांच्या बेरजेत २ व ३ यांच्या सामाईक १६, २ व ५ यांच्या १० आणि ३ व ५ यांच्या ६ संख्या जादा मोजल्या जातात. त्या वजा केल्यावर तिन्हींनी विभाज्य असलेल्या ३ संख्या पार निघून जातात, म्हणून त्या पुन्हा मिळवाव्या लागतात. उत्तर ७४, म्हणजे संभाव्यता ०·७४.

आकृतीतील क्षेत्रफळ संभाव्यतेच्या प्रमाणात असतेच असे नाही, हे पुष्कळदा विसरले जाते. परस्परवर्जक घटनांची वर्तुळे अलग पडतात. परंतु घटना परस्परांपासून स्वतंत्र आहेत की नाहीत, हे वर्तुळांवरून कळत नाही. वरील उदाहरणात २ व ५ यांच्या घटना स्वतंत्र आहेत, कारण ०·५० × ०·२० = ०·१०. २ व ३ यांच्या बाबतीत मात्र गुणाकार ०·१६५ येतो आणि प्रत्यक्ष संभाव्यता ०·१६ आहे. दोन्ही जोड्यांची आकृती सारखीच दिसते.