हमाम, हृदय आणि सोलापूरचा टॉवेल

‘हमाम’ म्हटले की आज आपल्याला साबण आठवतो. मूळ अरबी शब्दाचे नाते मात्र उष्णतेशी आहे. हमाम म्हणजे गरम स्नानगृह. बार्शीजवळच्या परांडा किल्ल्यात आणि दौलताबादेत अशा वास्तू आजही दिसतात. आधी कोमट, मग अधिक गरम दालनात जायचे, घाम येऊ द्यायचा, अंग चोळून घ्यायचे आणि शेवटी थंडाव्यात विसावायचे, अशी ही रीत होती.

हमामचे फायदे सांगणाऱ्या इब्न सीनाने (980–1037) ‘अल-कानून’ या वैद्यकग्रंथात इशाराही दिला: आत फार वेळ राहिल्यास हृदय दुर्बल होते, भोवळ येते.

हमामचे उत्तरेकडचे भावंड म्हणजे फिनलंडचा सौना. तिथल्या 2,315 मध्यमवयीन पुरुषांवर सुमारे वीस वर्षे ठेवलेल्या नोंदी 2015 मध्ये प्रसिद्ध झाल्या. आठवड्यातून चार ते सात वेळा सौना घेणाऱ्यांत हृदय अचानक बंद पडून होणारे मृत्यू, एकदाच घेणाऱ्यांच्या तुलनेत 63 टक्के कमी आढळले. उष्णतेने रक्तवाहिन्या सैलावतात, नाडी वेगाने चालते. काहीसा व्यायामासारखाच परिणाम होतो. अर्थात, हा निव्वळ सौनाचा गुण की निवांत आयुष्याचाही, हे अशा निरीक्षणातून सिद्ध होत नाही.

सोलापूरचा याच्याशी संबंध काय? तुर्की हमामात अंग पुसायला फासेदार विणीचे कापड वापरत. हेन्री ख्रिस्ती या इंग्रजाने ते तिथे पाहिले आणि 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनात यंत्रावर विणलेले तसे टॉवेल झळकले. तोच ‘टर्किश टॉवेल’ पुढे सोलापूरच्या पद्मशाली, मोमीन आणि इतर विणकरांनी आपलासा केला. आज सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे.

पण तो विणणारा कामगार मे महिन्यात, चाळीस अंशांच्या वर पारा असताना, पत्र्याच्या शेडमध्ये मागावर उभा असतो. घाम त्यालाही येतो, नाडी त्याचीही वाढते. मात्र सौनात बसणारा पंधरा-वीस मिनिटांत उठून बाहेर येतो. याला पाळी संपेपर्यंत उठता येत नाही. शरीरातले पाणी घटते आणि हृदयावरचा ताण तासन्‌तास टिकतो. इब्न सीनाचा इशारा खरा लागू पडतो तो इथे.

म्हणून उष्णतेचे फायदे सांगताना मागावरच्या माणसाला थंड पाणी, हवेशीर शेड आणि दुपारची सुट्टी मिळते का, हेही विचारले पाहिजे.