अमिट्रिप्टिलीन: तोंड कोरडं पाडणाऱ्या गोळीचा इतिहास

खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजाहून एका श्रोत्याचा प्रश्न आलाय. आईला मधुमेह आहे, तळपायांची आग होते, म्हणून डॉक्टरांनी रात्री घ्यायला अमिट्रिप्टिलीन लिहून दिली. मेडिकलवाला म्हणाला, ही तर डिप्रेशनची गोळी. झालं! आईने पाकीट डब्यात टाकलं. म्हणाली, मी काय वेडी आहे का?

डॉक्टर आणि मेडिकलवाला, दोघंही बरोबर आहेत. ते कसं, हे समजायला 1956 सालात जावं लागतं.

स्वित्झर्लंडमध्ये बोडेन तळ्याकाठी म्युन्स्टरलिंगेन नावाचं गाव आहे. तिथल्या मनोरुग्णालयात रोलांड कून हे डॉक्टर होते. गायगी कंपनी त्यांच्याकडे नवी रसायनं पाठवायची. जी 22355 हे त्यातलंच एक. स्किझोफ्रेनियावर चालेल अशी आशा होती, पण ते चाललं नाही. काही रुग्ण उलट जास्तच बेचैन झाले. मग कून यांनी ते खोल नैराश्यातल्या रुग्णांना दिलं, आणि जेवण सोडलेली, अंथरुणाला खिळलेली माणसं हळूहळू बोलायला लागली. 1957 साली त्यांनी हे छापलं. तेच इमिप्रामीन, पहिलं ट्रायसायक्लिक, म्हणजे रेणूत तीन कडी असलेलं औषध. अमिट्रिप्टिलीन त्याची धाकटी बहीण, 1961 ची. या कथेला एक काळी बाजूही आहे. म्युन्स्टरलिंगेनच्या रुग्णांवर अशी अनेक रसायनं त्यांची नीट संमती न घेता तपासली गेली, हे झुरिच विद्यापीठाच्या इतिहासकारांनी 2019 साली सविस्तर मांडलं.

औषध काम कसं करतं, याचा धागा मात्र मुंबईजवळून जातो. 1949 साली केईएम रुग्णालयाचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी सर्पगंधा रक्तदाब उतरवते हे ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये दाखवलं. सर्पगंधेतलं रिसर्पीन मग जगभर गेलं. ते घेणारे काही रुग्ण उदास होतात, असंही दिसायला लागलं. प्रयोगशाळेत रिसर्पीन दिलेले प्राणी मलूल होऊन बसत, आणि आधी इमिप्रामीन दिलं तर तसं होत नसे. पुढे ज्युलियस अ‍ॅक्सलरॉड यांनी दाखवलं, की हे औषध नसांच्या टोकांवर नॉरअ‍ॅड्रेनलीन परत शोषून घेऊ देत नाही. वेदनेला आवर घालणाऱ्या नसांमध्येही हेच रसायन काम करतं. म्हणून पायांची आग आणि मनाची उदासी, दोन्हींवर तीच गोळी. पायांसाठीचा डोस सहसा कमी असतो, इतकंच.

आता जपायचं काय? बांधावरचा धोत्रा आठवा. धोत्र्याचं बी पोटात गेलं की तोंड कोरडं पडतं, नजर धूसर होते, लघवी अडते, अंग तापतं, माणूस बरळतो. या गोळ्यांमध्ये त्या गुणाचा सौम्य अंश आहे. म्हणून काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास, मिरगी किंवा हृदयविकार असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगायचं. चालू असलेल्या बाकीच्या गोळ्याही दाखवायच्या, ट्रामाडोलसारख्या वेदनाशामकासकट. दारू नको. म्हाताऱ्या माणसांनी रात्री उठताना आधी पलंगावर क्षणभर बसावं, कारण रक्तदाब एकदम उतरून तोल जातो. आणि पुस्तकात एका ओळीत उरकलेली, पण आपल्याकडे मोठी असलेली गोष्ट: घाम कमी येतो. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना कपाशीची पऱ्हाटी उपटायला भर दुपारी जाणाऱ्या बाईला याने उष्माघात होऊ शकतो. तिने काम सकाळीच आटपावं.

उदासीवर गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. तोंड मात्र पहिल्याच रात्री कोरडं पडतं. त्यामुळे लोक नेमके चुकीच्या वेळी सोडतात. दुसरे काही, बरं वाटलं की एकदम बंद करतात, मग मळमळ, घाम, झोपमोड. बंद करायची तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू डोस उतरवत.

सगळ्यात अवघड भाग साठ्याचा. जास्त प्रमाणात हे औषध थेट हृदयाच्या ठोक्यावर येतं. नैराश्यावरचं औषध, आणि तेच घरात जास्त असलं तर जिवावरचं, हा पेच डॉक्टरांना वर्षानुवर्षं छळत होता. 1987 च्या शेवटी अमेरिकेत फ्लुओक्सेटीनला मंजुरी मिळाली, आणि नैराश्यासाठी जग तिकडे वळलं त्यामागे हेही एक मोठं कारण. अमिट्रिप्टिलीन स्वस्त आणि उपयोगी म्हणून टिकली; जागतिक आरोग्य संघटनेच्या 1977 च्या पहिल्या अत्यावश्यक यादीत ती होती, आपल्या राष्ट्रीय यादीतही आहे.

विदर्भात हा मुद्दा कागदावरचा नाही. इथल्या 30 गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी 4.3 टक्के होते, नंतर 27.2 टक्के, असं 2017 साली लॅन्सेट सायकिअ‍ॅट्रीत छापून आलं. जितके जास्त लोक उपचाराला येतील, तितक्या जास्त घरांत गोळ्या येतील. म्हणून मन खचलेल्या माणसाचं औषध एका वेळी थोड्याच दिवसांचं आणावं, आणि ते घरातल्या दुसऱ्या कुणीतरी कुलपात ठेवावं. फवारणीचं औषधही तसंच. लहान मुलाने एखादी जरी गिळली, किंवा कुणी जास्त घेतल्याची नुसती शंका आली, तरी ओकारी काढत बसू नका. पाकीट सोबत घ्या, 108 ला फोन करा. माणूस शुद्धीत दिसला तरी थांबू नका, या औषधाने प्रकृती तासाभरातही पालटते. मनाविषयी बोलायचं असेल तर टेलिमानसचा 14416 हा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

राहिला आईंचा प्रश्न. डब्यातलं पाकीट घेऊन त्याच डॉक्टरांकडे जा, आणि गोळी कशासाठी दिली ते आईंच्या समोरच विचारा.