दोनाचा १२७ वा घात उणे एक

एकशे सत्तावीस वेळा दोन मांडून त्यांचा गुणाकार करावा आणि त्यातून एक वजा करावा. उरते ती १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७ ही ३९ अंकी मूळ संख्या. फ्रेंच धर्मगुरू मारँ मेर्सेन यांनी १६४४ मध्ये तिला आपल्या यादीत स्थान दिले होते. मात्र ती यादी फारशी भरवशाची नव्हती: ६७ आणि २५७ हे घातांक तीत चुकीने शिरले, तर ६१, ८९ व १०७ सुटले.

सिद्धता एदुआर ल्युका यांनी १८७६ मध्ये दिली. एकेक भाजक लावून पाहायला कित्येक जन्म अपुरे पडले असते. ल्युका यांची कसोटी पुढे डी. एच. लेमर यांनी सुटसुटीत केली. चारपासून आरंभ करून दर वेळी वर्ग करायचा, दोन वजा करायचे आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी तेवढी ठेवायची. दोनाचा सातवा घात उणे एक, म्हणजे १२७, तपासताना ४, १४, ६७, ४२, १११, ० असा क्रम येतो. पाचव्या पायरीला शून्य आले, म्हणून १२७ मूळ. ३९ अंकी संख्येसाठी अशा १२५ पायऱ्या लागतात.

ज्ञात मूळ संख्यांतील सर्वांत मोठी, हा तिचा मान १९५१ पर्यंत टिकला. २, ३, ७, १२७ या साखळीत प्रत्येक संख्या पुढचीचा घातांक होते. ही तिची पाचवी कडी. सहावी मूळ आहे की नाही, हे अद्याप अज्ञात आहे. तिच्यात किती अंक आहेत हे सांगणारा आकडाच ३८ अंकी आहे.