कोष्टक आणि वाट : संबंधाधिष्ठित डेटाबेसच्या उगमाविषयी

डेटाबेसच्या रचनेचा अभ्यास बहुधा नियमांपासून सुरू होतो. कोष्टकातील प्रत्येक ओळ वेगळी ओळखता यावी, एकच गोष्ट दोन ठिकाणी नोंदू नये, कोष्टके तिसऱ्या नॉर्मल फॉर्मपर्यंत न्यावीत, ही सूत्रे विद्यार्थी पाठ करतो. परंतु ती कोणत्या अडचणीतून जन्मास आली, हे सहसा विचारले जात नाही. प्रस्तुत टिपणात त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

१९६० नंतरच्या दशकात मोठ्या माहितीसाठ्यांची मांडणी मुख्यतः दोन प्रकारे होत असे. अपोलो चांद्रमोहिमेच्या असंख्य सुट्या भागांची मोजदाद ठेवण्याच्या गरजेतून आयबीएमची आयएमएस ही प्रणाली निर्माण झाली. तीत नोंदी वृक्षाच्या फांद्यांप्रमाणे एकीखाली एक लावलेल्या असत. जनरल इलेक्ट्रिकमध्ये चार्ल्स बॅकमन यांनी रचलेल्या आयडीएसमध्ये त्या साखळ्यांनी जोडलेल्या असत. दोहोंतही इष्ट नोंदीपर्यंत पोहोचण्याची वाट प्रोग्रॅम लिहिणाऱ्यास ठाऊक असावी लागे. १९७३ साली ट्युरिंग पारितोषिक स्वीकारताना बॅकमन यांनी प्रोग्रॅमरला नाविकाची उपमा दिली, ती यथार्थच होती.

या नाविकपणावरच एडगर कॉड यांचा आक्षेप होता. कॉड हे इंग्लंडमध्ये जन्मलेले, दुसऱ्या महायुद्धात वैमानिक असलेले गणिती. आयबीएमच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेत असताना जून १९७० मध्ये त्यांनी आपला सुप्रसिद्ध निबंध प्रसिद्ध केला. नोंदींचा क्रम, सूची आणि वाट या तिहींवर प्रोग्रॅम अवलंबून असतात, हे त्यांनी त्यात दाखविले. सुटे भाग आणि प्रकल्प यांची एकच माहिती त्यांनी पाच निरनिराळ्या रचनांत मांडली. एखाद्या प्रकल्पास कोणते भाग किती लागतात, हा प्रश्न सर्वत्र तोच. पण एका रचनेसाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसरीवर चालेलच असे नाही. म्हणजे साठवणीची पद्धत बदलताच प्रश्नकर्त्याचे श्रम वाया जात.

कॉड यांनी कोष्टकाचा शोध लावला, असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. कोष्टके वहीखात्यांइतकीच जुनी आहेत. कॉड यांनी गणितातील संबंध ही कल्पना आणली. संबंध हा एक संच होय; संचातील घटकांना क्रम नसतो, आणि एका नोंदीकडून दुसरीकडे नेणारा छुपा धागाही नसतो. नाते जुळते ते केवळ मूल्यांच्या समानतेने. काय हवे एवढे सांगावे, कसे शोधावे हे यंत्राने ठरवावे, हा त्याचा मथितार्थ.

१९७४ साली अ‍ॅन आर्बर येथे कॉड आणि बॅकमन यांच्या पक्षांत जाहीर वाद झाला. कुशल नाविकाइतकी चांगली वाट यंत्र आपण होऊन शोधील काय, ही विरोधकांची शंका निव्वळ हट्टाची नव्हती, हे मान्य करावयास हवे. तिचे उत्तर निबंधातून मिळणे शक्य नव्हते. ते प्रयोगांतून मिळाले. बर्कले येथे इन्ग्रेस आणि सॅन होझे येथे सिस्टिम आर या प्रणाली उभ्या राहिल्या. पर्यायी वाटांचा खर्च आधीच अजमावून सर्वांत स्वस्त वाट निवडण्याची रीत पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली मांडली. कॉड यांच्या सिद्धान्ताला व्यवहारात पाय फुटले ते अशा कामामुळे.

तथापि आयबीएमची पावले सावकाश पडली. आयएमएसमध्ये तिचे व तिच्या ग्राहकांचे बरेच भांडवल गुंतलेले होते. पुढे ओरॅकल या नावाने ओळखल्या गेलेल्या छोट्या कंपनीने १९७९ मध्ये आपली प्रणाली बाजारात आणली. आयबीएमची एसक्यूएल/डीएस १९८१ मध्ये व डीबी२ १९८३ मध्ये आली. विजयही निर्भेळ नव्हता. एसक्यूएलमध्ये एकसारख्या दोन ओळी राहू शकतात, संचात त्या राहू शकत नाहीत. नावापुरत्या संबंधाधिष्ठित प्रणालींना आवर घालण्यासाठी १९८५ साली कॉड यांना आपले नियम जाहीर करावे लागले.

या इतिहासाच्या प्रकाशात नॉर्मल फॉर्मही वेगळे दिसू लागतात. सुट्या भागाचे नाव प्रत्येक प्रकल्पाच्या नोंदीत लिहिले, तर ते बदलताना एखादी नोंद राहून जाते आणि साठाच स्वतःशी विसंगत होतो. रचनेचा नियम म्हणजे असत्य नोंदींना अगोदरच केलेला अटकाव होय. कोष्टक आखताना अभ्यासकाने आजच्या प्रश्नाची सोय तेवढी पाहू नये. उद्या कोणी अपरिचित माणूस वेगळाच प्रश्न घेऊन येईल. त्याला वाट न विचारता उत्तर मिळावे, यासाठीच हा सारा खटाटोप झाला.