‘उपस्थित’ म्हणजे कोण? : इंग्लंडमधील एका शब्दावर अडलेल्या सभांची कथा

(थ्रेड)

१/ २८ एप्रिल २०२१ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने एका प्रश्नाचा निकाल दिला. घरी संगणकासमोर बसलेला नगरसेवक सभेस ‘उपस्थित’ मानता येईल काय? उत्तर आले, नाही. कोरोनाकाळात सुरू झालेल्या इंग्लंडमधील स्थानिक परिषदांच्या दूरस्थ सभा त्यानंतर नऊ दिवसांत बंद झाल्या.

२/ निकाल समजून घेण्यासाठी मात्र शंभर वर्षे मागे जावे लागते. सभागृहात जनतेने बसावे की नाही, हा वाद व्हिडिओ कॉलपेक्षा पुष्कळ जुना आहे.

३/ वेल्सच्या किनाऱ्यावर टेन्बी नावाचे लहानसे शहर आहे. तेथील नगरपालिकेने मेसन या स्थानिक संपादकास सभेत बसण्यास मनाई केली. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९०८ मध्ये निर्णय झाला की, सभेत बसण्याचा हक्क ना वार्ताहराला आहे, ना सामान्य नागरिकाला. पालिकेने बसू दिले तर बसावे, अन्यथा निघावे.

४/ त्याच वर्षी संसदेने कायदा करून वार्ताहरांना प्रवेश मिळवून दिला. केवळ वार्ताहरांना, करदाता नागरिक बाहेरच राहिला. शिवाय कायद्यात एक पळवाट होती. प्रवेशाचा हक्क परिषदेच्या सभेपुरता होता, समितीच्या बैठकीला तो लागू नव्हता. मग अडचणीचा विषय आला की संपूर्ण परिषदच ठराव करून स्वतःला ‘समिती’ म्हणवून घेई. तीच माणसे, त्याच खुर्च्या, तेच टेबल. नाव तेवढे बदलले आणि वार्ताहर दाराबाहेर! कायद्याची अशी थट्टा अनेक वर्षे चालली.

५/ ही पळवाट बुजविण्याचे विधेयक आणले ते १९५९ मध्ये प्रथमच निवडून आलेल्या एका खासदाराने. तिचे नाव मार्गारेट थॅचर. मुद्रण कामगारांच्या संपाच्या काळात मजूर पक्षाच्या काही परिषदांनी संपग्रस्त वृत्तपत्रांच्या वार्ताहरांना सहकार्य नाकारले होते, ही त्यामागची ताजी ठिणगी. सभागृहातील पहिले भाषण सहसा निरुपद्रवी असावे, असा तेथील संकेत. थॅचर यांनी ५ फेब्रुवारी १९६० रोजी पहिल्याच भाषणात हे विधेयक मांडले. त्यांच्या पुढील राजकारणाविषयी कोणाचे मत काहीही असो, हा कायदा नागरिकांच्या हिताचा होता.

६/ १९६० च्या या कायद्याने सभेचे दार वार्ताहरांबरोबर सर्वांसाठी उघडले. सभेची वेळ आणि स्थळ तीन दिवस आधी जाहीर करणे बंधनकारक झाले. जनतेला बाहेर काढायचे असल्यास तसा ठराव करून कारण नमूद करावे लागू लागले.

७/ पुढे १९७२ च्या स्थानिक शासन कायद्याने परिषदांची नवी घडी बसविली. सभा कोठे भरावी, नोटीस कशी द्यावी, मत कोणी द्यावे, हे सारे त्यात आहे. ‘सभा’, ‘स्थळ’, ‘उपस्थित’ हे शब्द जागोजाग येतात. पण ‘उपस्थित’ची व्याख्या करण्याची गरज कोणाला वाटली नाही. कशी वाटावी? आपल्याकडेही सभा ‘भरते’, म्हणजे जागा माणसांनी भरते. ‘उपस्थित’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थच ‘जवळ उभा असलेला’ असा आहे.

८/ मग आला २०२० चा मार्च. घाईने संमत झालेल्या कोरोनाविषयक कायद्याच्या ७८ व्या कलमाने दूरस्थ सभांचा मार्ग मोकळा झाला आणि एप्रिलपासून त्या सुरू झाल्या. सवलतीला मुदत होती : ७ मे २०२१ पूर्वीच्या सभा.

९/ या वर्षात काय घडले? हँडफर्थ या गावच्या परिषदेची डिसेंबर २०२० मधील सभा आठवत असेल. आरडाओरडा, अधिकाराचा वाद आणि अखेर अध्यक्षांनाच पडद्यावरून बाहेर काढले गेले. चित्रफीत पुढच्या फेब्रुवारीत जगभर गाजली. लोक हसले, पण एका गावपरिषदेची सभा एवढ्या लोकांनी पाहिल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. लहान मुले वा आजारी माणूस घरी असलेल्या, चालणे अवघड असलेल्या, दूरच्या खेड्यात राहणाऱ्या सदस्यांसाठी तर हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

१०/ मुदत संपत आली, तेव्हा हर्टफर्डशायर काउंटी कौन्सिल आणि अन्य संस्था न्यायालयात गेल्या. १९७२ च्या कायद्यातच दूरस्थ सभा बसतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो नाकारला. सभा एका विशिष्ट भौगोलिक स्थळी भरते आणि उपस्थित राहणे म्हणजे तेथे प्रत्यक्ष जाणे, असा अर्थ लावला. दूरस्थ सभांच्या बाजूने सबळ मुद्दे आहेत, हे मान्य करूनही बदल करणे संसदेचे काम आहे, असे न्यायाधीशांनी सांगितले.

११/ ४ मे रोजी पूरक निर्णय आला. सभा ‘जनतेसाठी खुली’ असणे म्हणजे जनतेला त्या जागी प्रत्यक्ष येता येणे. बंद दारे उघडण्यासाठी झगडून मिळविलेली ही तरतूद. आता घरून पाहणारे कितीही असोत, केवळ त्यांच्यामुळे सभा खुली ठरेना. निकाल कायद्याच्या भाषेला धरून होता, असे मला वाटते. दोष संसदेच्या आळसाचा. वर्षभराचा अनुभव हाती असताना चार ओळींची दुरुस्ती वेळेत झाली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकार याच विषयावर पुन्हा लोकांची मते मागवीत होते.

१२/ स्कॉटलंडने दूरस्थ उपस्थितीची सोय २००३ च्या कायद्यातच केली होती. वेल्सने २०२१ मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि सदस्यांना दुसऱ्या ठिकाणाहून सभेत भाग घेता येईल, अशी व्यवस्था परिषदांवर बंधनकारक केली. संपादकाला बाहेर ठेवणारे टेन्बी वेल्समध्येच आहे.