रंगाची साक्ष : प्रयोगशाळेतील अंतःप्रजनित उंदरांचा इतिहास

प्रास्ताविक

जीववैद्यकीय संशोधनात उंदराचे स्थान सर्वमान्य आहे. मात्र या संशोधनाचा आरंभीचा इतिहास हा बव्हंशी उंदराच्या केसांच्या रंगाचा इतिहास आहे, ही गोष्ट विज्ञान शाखेतही फारशी लक्षात घेतली जात नाही. त्या काळच्या संशोधकांना रंगाचे कौतुक होते असे नव्हे. कर्करोग होतो की नाही हे पाहण्यासाठी उंदराचे वय वाढेपर्यंत थांबावे लागते. रंग मात्र पिल्लाच्या अंगावर पहिल्या एकदोन आठवड्यांतच दिसू लागतो आणि तो नुसत्या डोळ्यांनी मोजता येतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या आनुवंशिकतेचा दिसणारा साक्षीदार म्हणून रंगाची निवड झाली. हा साक्षीदार पुढे अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक बोलला. तो काय बोलला, आणि ज्यांनी त्याला प्रथम उभे केले त्यांनी त्याचे म्हणणे कितपत ऐकले, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

छांदिष्टांच्या पेट्यांतून

रंगीत उंदीर प्रयोगशाळेत निर्माण झाले नाहीत. जपानमध्ये हौसेखातर उंदीर पाळण्याची प्रथा जुनी होती. अशा उंदरांच्या संगोपनावर 1787 साली एक छोटे पुस्तकही निघाले होते. इंग्लंडमध्ये 1895 साली उंदीर पाळणाऱ्या छांदिष्टांनी आपला राष्ट्रीय क्लब स्थापन केला. फ्रान्समधील नान्सी येथे ल्युसिआँ केनो यांनी 1902 साली मेंडेलचे नियम उंदरालाही लागू पडतात हे दाखविले, तेही करड्या आणि पांढऱ्या उंदरांच्या संकरावरून.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ग्रॅनबी नावाचे लहान गाव आहे. तेथे ॲबी लॅथ्रॉप (1868–1918) या बाईंनी 1900 च्या सुमारास उंदीर पाळण्यास आरंभ केला. त्या मुळात शिक्षिका. आजारपणामुळे त्यांना शाळा सोडावी लागली होती. कोंबडीपालनाचा धंदा बसला, तेव्हा त्यांनी हौशी लोकांना विकण्यासाठी उंदीर पैदास करण्याचा उद्योग हाती घेतला. गवत घातलेल्या लाकडी पेट्यांत त्यांनी हजारो उंदीर वाढविले. हौशी गिऱ्हाइकांबरोबर आता हार्वर्डसारख्या विद्यापीठांतूनही मागणी येऊ लागली. लॅथ्रॉपबाईंनी कोणत्या उंदरापासून कोणती पिल्ले झाली याच्या काटेकोर नोंदी ठेवल्या. काही उंदरांच्या अंगावर गाठी दिसल्या, तेव्हा त्यांनी त्या विकृतितज्ज्ञ लिओ लोब यांच्याकडे पाठविल्या. त्या कर्करोगाच्या निघाल्या. दोघांनी मिळून 1913 पासून अनेक शोधनिबंध लिहिले. अंडाशय काढून टाकलेल्या माद्यांमध्ये स्तनांच्या गाठींचे प्रमाण घटते, हे त्यांनी 1916 मध्ये प्रसिद्ध केले. विज्ञानाच्या अनेक इतिहासांत मात्र या बाईंचा उल्लेख ‘उंदरांच्या पुरवठादार’ इतकाच सापडतो. सहलेखिका म्हणून ज्यांचे नाव छापले गेले आहे, त्यांना पुरवठादार म्हणणे न्याय्य नाही, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

शुद्ध वंशाचे स्वप्न

हार्वर्डच्या बसी संस्थेत विल्यम कॅसल यांच्या हाताखाली शिकणाऱ्या क्लॅरेन्स कुक लिटल या विद्यार्थ्याने 1909 साली एक धाडस केले. सख्ख्या भावा-बहिणींचा संकर पिढ्यान्‌पिढ्या चालविल्यास संतती दुबळी होऊन वंश खुंटतो, असा तेव्हाचा सार्वत्रिक समज होता, आणि तो निराधारही नव्हता. असे अनेक वंश खरोखरच नष्ट झाले. लिटल यांनी निवडलेल्या उंदरांत तीन अप्रभावी रंग-उत्परिवर्तने एकवटली होती : रंग फिका करणारे, काळ्याचा तपकिरी करणारे, आणि रानउंदराच्या केसावरील पिवळा पट्टा नाहीसा करणारे. या तिन्हींच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून वंशाचे नाव पडले डीबीए. हा जगातील सर्वांत जुना अंतःप्रजनित वंश होय. पुढे अशा वंशासाठी सलग किमान वीस पिढ्या भावा-बहिणींचा संकर हा दंडक ठरला. त्यानंतर वंशातील सर्व उंदीर जनुकीयदृष्ट्या जवळजवळ एकसारखे मानले जातात.

रंगाचा येथे दुहेरी उपयोग होता. तिन्ही गुण अप्रभावी असल्यामुळे एखादा परका उंदीर चुकून कळपात शिरला, तर पुढच्याच पिढीत वेगळ्या रंगाची पिल्ले दिसत आणि भेसळ उघडी पडे. रंग हा जणू त्या वंशाचा पहारेकरी होता. 1921 साली लिटल यांनी लॅथ्रॉपबाईंकडील उंदरांपैकी 57 क्रमांकाची मादी आणि 52 क्रमांकाचा नर यांचा संकर केला. त्यातून काळ्या रंगाचा सी57 ब्लॅक हा वंश उभा राहिला. 2002 साली उंदराच्या जनुकसंचाचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला तो याच वंशाचा. ग्रॅनबीच्या लाकडी पेटीतून निघालेली ही शाखा आज जगातील सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या वंशांपैकी एक आहे.

लिटल यांनी 1929 मध्ये मेन राज्यातील बार हार्बर येथे जॅक्सन प्रयोगशाळा स्थापन केली. 1947 च्या वणव्यात ती जळाली आणि बहुतेक उंदीर मेले. पण तोवर ते जगभर पाठविले गेले होते. ज्या प्रयोगशाळांनी ते विकत घेतले होते त्यांनीच ते परत दिले आणि वंश पुन्हा उभे राहिले.

साक्षीदार उलटतो

लिटल यांची धारणा अशी होती की कर्करोगाचे मूळ आनुवंशिकतेत आहे. ते सुप्रजननशास्त्राच्या चळवळीतही अग्रभागी होते. परंतु त्यांच्याच प्रयोगशाळेतून 1933 साली निराळा निष्कर्ष पुढे आला. डीबीए वंशात स्तनकर्करोग अधिक, सी57 ब्लॅकमध्ये कमी. दोहोंचा संकर केल्यावर संततीचा जनुकसंच दोन्ही बाजूंनी बहुतांशी सारखाच असायला हवा. तरीही आई डीबीए असेल तरच लेकींमध्ये रोगाचे प्रमाण वाढे. 1936 मध्ये जॉन बिटनर यांनी दाखविले की रोगकारक घटक आईच्या दुधातून येतो. तो विषाणू असल्याचे पुढे सिद्ध झाले. वंश शुद्ध होता म्हणूनच आनुवंशिकतेबाहेरचे कारण वेगळे काढता आले, हा या इतिहासातील सर्वांत बोलका प्रसंग म्हणावा लागेल.

याच प्रश्नाचा धागा महाराष्ट्रापर्यंत पोहोचतो. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात वि. रा. खानोलकर यांच्या शिष्या डॉ. कमल रणदिवे यांनी उंदरांतील स्तनकर्करोगाचा दीर्घकाळ अभ्यास केला. या केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ओळखला जाणारा आयसीआरसी हा स्तनकर्करोगप्रवण वंश तेथेच विकसित झाला.

लिटल यांनी स्वतः मात्र आपली धारणा सोडली नाही. 1953 साली अर्न्स्ट विंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिगारेटच्या धुरातील डांबर उंदरांच्या पाठीवर लावले आणि 44 टक्के उंदरांना त्वचेचा कर्करोग झाल्याचे दाखविले. हे उंदीर अंतःप्रजनित वंशांच्याच संकरातून आलेले होते. पुढच्याच वर्षी लिटल यांनी अमेरिकेतील तंबाखू उद्योगाच्या संशोधन समितीचे वैज्ञानिक संचालकपद स्वीकारले. धूम्रपानाने कर्करोग होतो हे सिद्ध झालेले नाही, अशी भूमिका ते अखेरपर्यंत मांडत राहिले. ज्याने उंदराला विज्ञानाचा विश्वासू साक्षीदार बनविले, त्यानेच त्याची साक्ष गैरसोयीची होताच नाकारावी, ही विसंगती त्यांच्या चरित्रकारांना टाळता येण्यासारखी नाही.

रंगापलीकडचे जनुक

रंगाच्या जनुकांनी सांगितलेली दुसरी गोष्ट अधिक सावकाश उलगडली. केनो यांना 1905 मध्ये शुद्ध पिवळा उंदीर काही केल्या मिळेना. 1910 मध्ये कॅसल व लिटल यांनी कारण सांगितले : आई व बाप या दोघांकडूनही ‘पिवळा’ जनुक घेणारे पिल्लू गर्भातच मरते, म्हणून जन्मलेल्या पिल्लांत पिवळे व इतर यांचे प्रमाण तीनास एक न राहता दोनास एक भरते. जे पिवळे जगतात ते कमालीचे लठ्ठ होतात. रंगाचा आणि लठ्ठपणाचा संबंध काय, हे कोडे 1990 च्या दशकात सुटले. पिवळ्या उंदरात गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असतो. त्यामुळे शेजारचे जनुक नष्ट होते आणि एरवी केसाच्या मुळाशीच कार्य करणारे रंगाचे प्रथिन सर्व शरीरात तयार होऊ लागते. मेंदूत ते भूक आवरणाऱ्या ग्राहीला अडविते. त्याच ग्राहीवर कार्य करणारे एक औषध काही दुर्मिळ आनुवंशिक लठ्ठपणांसाठी 2020 मध्ये अमेरिकेत मान्य झाले. ते घेणाऱ्यांची त्वचा काळवंडते, हे उंदरांच्या अभ्यासकांना नवल वाटण्यासारखे नाही.

डीबीए वंशातील फिकेपणाचे कारणही अनपेक्षित निघाले. एका विषाणूने त्या जनुकात आपली प्रत घुसविलेली असते, हे 1981 मध्ये समजले. 1991 मध्ये हे जनुक पेशीत रंजकाचे कण वाहून नेणाऱ्या प्रथिनाचे असल्याचे आढळले. चंदेरी केस आणि गंभीर मज्जाविकार असलेल्या काही मुलांमध्ये याच जनुकाचा दोष असतो, हे 1997 मध्ये उघड झाले.

एक स्थानिक टिपण

आपल्या महाविद्यालयीन प्राणिगृहांत परिचित असलेला ‘स्विस अल्बिनो’ उंदीर 1926 साली क्लॅरा लिंच यांनी स्वित्झर्लंडमधील लोझान येथून न्यूयॉर्कला नेलेल्या दोन नर व सात माद्यांच्या वंशातला आहे. त्यापासून काही अंतःप्रजनित वंशही निघाले. परंतु सर्वसाधारणपणे मिळणारा स्विस उंदीर अंतःप्रजनित नसतो. आपल्याकडील शोधनिबंधांत मात्र ‘पांढरे उंदीर वापरले’ एवढ्याच शब्दांत वंशाची नोंद आटोपलेली दिसते, जणू पांढरेपणा म्हणजेच एकसारखेपणा. पांढरा रंग फक्त एका विकराचा अभाव सांगतो. उरलेल्या हजारो जनुकांविषयी तो मौन पाळतो. 1990 मध्ये असेही दिसून आले की प्रयोगशाळेतील नाना अल्बिनो वंशांचा पांढरेपणा एकाच उत्परिवर्तनातून आलेला आहे. म्हणजे तो बहुधा कोण्या एका छांदिष्टाच्या पेटीत, एकाच पूर्वजापासून, सर्वत्र पसरला असावा.