घारापुरीचा हत्ती आणि आमचा माळढोक

स्मरणिकेसाठी “इतिहासावर काहीतरी लिही” असे चिटणीस काकूंनी सांगितले तेव्हा मला हसूच आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि शाळेत सनावळ्यांनी मला जितके रडविले तितके गणितानेही नाही. पण आपल्या मंडळात गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जो विषय निघाला होता, त्याच्या निमित्ताने चार ओळी लिहाव्या असे वाटले. भगिनींनी चुकलेमाकले पदरात घ्यावे.

विषय आठवत असेलच. नवी पेठेत दुकाने आहेत, गर्दी आहे, पण मुलांना मोकळे पाय टाकायला जागा नाही. तेव्हा जवळच्या एखाद्या बागेत चालण्याची वाट करावी आणि तिच्या कडेने जनावरांचे पुतळे उभे करावे, म्हणजे मुले पाहत पाहत चालतील, अशी सूचना आली. लगेच कोणी जिराफ म्हणाले, कोणी सिंह, आणि माझ्या धाकट्याने तर घरी गेल्यावर डायनासोर मागितला! मी त्या दिवशी गप्प बसले होते. नंतर भाच्याच्या लग्नासाठी सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईस जाणे झाले, आणि तेथे राणीच्या बागेत मला बोलावयास विषय सापडला.

ही बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. आता तिला वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणतात, पण टॅक्सीवाल्याला राणीची बाग म्हटल्यावरच कळले. तेथील जुन्या संग्रहालयाच्या (डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाच्या) बाहेर एक काळ्या दगडाचा हत्ती उभा आहे. मुले त्याच्याजवळून पळत पिंजऱ्यांकडे जातात. माझा धाकटा मात्र थांबला आणि म्हणाला, “आई, याला तर सगळीकडे जोड आहेत. हा फुटला होता का?”

फुटला होता, आणि एकदा नव्हे. हा हत्ती मूळचा घारापुरी बेटावरचा, एका अखंड शिळेतून कोरलेला. होड्या लागत त्या बाजूला तो उभा असे. पोर्तुगीज लोक आले, त्यांना प्रथम तोच दिसला आणि त्यांनी बेटालाच हत्तीचे नाव देऊन टाकले. आजही परदेशी पाहुणे घारापुरी न म्हणता एलिफंटा म्हणतात ते या हत्तीमुळे. त्याच्या पाठीवर आणखी एक लहान जनावर कोरलेले होते. कोणी त्याला पिल्लू म्हणे, कोणी वाघ. १८१४ साली हत्तीची मान आणि डोके गळून पडले व पुढे धडही ढासळले. १८६४ साली त्याला विलायतेस नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना यारीची साखळी तुटली, हत्ती खाली कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. एका परीने बरेच झाले म्हणायचे, नाहीतर तो आज तिकडच्या एखाद्या दालनात असता! ते तुकडे राणीच्या बागेत आणून टाकले, आणि १९१४ साली कॅडेल व ह्यूएट या दोघांनी ते पुन्हा जोडून हत्ती उभा केला. म्हणजे पन्नास वर्षांनी. घरात फुटलेली बरणी आपण दुसऱ्या दिवशी केरात टाकतो, त्या मानाने या लोकांची चिकाटी मोठीच.

त्याच बागेत काळा घोडाही आहे. युवराज एडवर्ड त्यावर बसलेला. आल्बर्ट ससून यांनी दिलेला हा पुतळा १८७९ पासून फोर्टात होता, १९६५ साली तो तेथून काढून बागेत आणला. घोडा गेला, तरी त्या चौकाचे नाव काळा घोडा ते काळा घोडाच राहिले. शेवटी २०१७ साली तेथे नवा घोडा बसवला, यावेळी स्वाराशिवाय. माणसापेक्षा जनावरच लोकांच्या तोंडी राहते, ही गंमत आहे. मलबार टेकडीवरच्या हँगिंग गार्डनमध्ये तर झुडपेच कातरून जनावरे केलेली. खाली पाण्याचा मोठा हौद, वर १८८१ साली केलेली बाग. ती जनावरे खर्चाची नाहीत, पण माळ्याने कात्री ठेवली की हत्तीचे पुन्हा झुडूप व्हायचे.

आता आपल्याकडे येते. घारापुरीचा हत्ती बेटाचा, म्हणून त्याचे नाव राहिले. मग सोलापूरच्या बागेत आफ्रिकेचा जिराफ कशाला? आमच्या माळावरचा माळढोक का नको?

माझे माहेर उत्तर सोलापूर तालुक्यातले, नान्नजच्या अंगाचे. मी सहा-सात वर्षांची असताना दादांबरोबर (आम्ही वडिलांना दादा म्हणतो) भल्या पहाटे शेतावर गेले होते. गवतात पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी, असा एक उंच पक्षी एखाद्या पाटलासारखा संथ चालत होता. दादांनी माझा हात दाबला, “बोलू नगंस.” त्याच्या घुमण्यावरून जुनी माणसे त्याला हूम म्हणत.

त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले, सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर असे दोन जिल्हे मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचे. त्यात गावेच्या गावे, रस्ते, पिके आली. जमिनीच्या खरेदी-विक्रीला अडथळे येऊ लागले, आणि लोकांचा राग बिचाऱ्या पक्ष्यावर निघाला. २०१२ मध्ये ते १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले. पण पक्षी कमीच होत गेला. मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. कुत्रे आहेत, कोल्हे आहेत. माळ नांगरले गेले, ऊस आला, विजेच्या तारा आल्या. जड अंगाचा हा पक्षी समोरची तार वेळेवर चुकवू शकत नाही. आता साऱ्या देशात दीडशेच्या आसपास उरले असे म्हणतात, त्यातले बहुतेक राजस्थानात. नान्नजला एखादा दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. माझ्या दोन्ही मुलांनी तो पाहिलेला नाही. नान्नजला दोनदा नेले, काळवीट दिसले, तो दिसला नाही.

म्हणून माझी सूचना अशी की वाटेवर पहिला माळढोक असावा, मग काळवीट, लांडगा, खोकड. सारे आपलेच. मुंबईहून आल्यावर मी दादांना फोन करून माप विचारले. पुढच्या रविवारी ते स्वतःच एसटीने आले. अंगणात उभे राहून त्यांनी हात कमरेशी धरला, “एवढा. मान ताठ करा, चोच जरा वर.” मग चहा पिता पिता म्हणाले, “अन् एकटा करू नका. शेजारी लांडोर बी उभी करा, जरा लहान अंगाची.”

दोन पुतळ्यांचा खर्च किती येईल याचा अंदाज कार्यकारिणीने काढावा. दादा पुन्हा यायला तयार आहेत.